झाकलेली वही

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. पावसाने धरून ठेवले होते आणि लोक चर्चच्या ओसरीत खोळंबले होते. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी छत्री निथळवीत दाराशी येऊन उभी राहिली. पूर्वी याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू असताना प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात मी तिला शिकवले होते. आता ती पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची फुलांची वाडी, आई शाळेत शिक्षिका. संशोधन हा शब्द त्या घरात तिच्याबरोबरच आला.

"फादर, एक विचारायचे होते," ती म्हणाली. "आपले काम झाकून ठेवणे हे पाप आहे का?"

कसले काम, असे मी विचारताच तिने उभ्या उभ्याच सारे सांगितले. ती खाडीच्या चिखलातील जिवाणूंचा अभ्यास करते. दोन वर्षे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, गुडघाभर चिखलात उतरून तिने नमुने गोळा केले आहेत. त्यांतून आकड्यांचा मोठा ढीग जमला आहे आणि त्या ढिगात काही नियम दडला असावा असे तिला वाटते. परंतु तो उकलण्यासाठी लागणारे गणित तिला येत नाही. संस्थेतच दुसऱ्या विभागात गणिताचा एक संशोधक विद्यार्थी आहे. तो मदत करायला तयार आहे. गाईडचे म्हणणे मात्र असे, की लेख छापून येईपर्यंत वही कोणासमोर उघडायची नाही. गाईडलाही दोष देववत नाही. आदल्या वर्षी एका परिषदेत हिने आपले पोस्टर लावले होते आणि विचारील त्याला उत्साहाने सारे समजावून दिले होते. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका परिषदेत तिने स्वतःचाच एक तर्क परक्याच्या तोंडून ऐकला. त्यात तिच्या नावाचा उल्लेख नव्हता.

आम्हा धर्मगुरूंना तयार उत्तरे देण्याची सवय असते. त्या दिवशी मात्र मी तिला 'मंगळवारी संध्याकाळी ये' एवढेच म्हणालो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना चोरी या विषयावर आम्ही कितीतरी तास घालवले होते. शेजाऱ्याचे ढोर, शेताचा सरकवलेला बांध, मजुराची बुडवलेली मजुरी, खोटे वजनमाप, असे सगळे त्यात होते. अजून छापून न आलेल्या तर्काची चोरी होऊ शकते का, आणि तो तर्क झाकून ठेवणारा कृपण ठरतो का, हे त्या पुस्तकांत कोठे आल्याचे मला स्मरत नाही.

माझे बालपण वाडीत गेले. आमच्या बावखलाचे पाणी आजूबाजूच्या घरांनाही जात असे. केळीचे मुनवे मागायला कोणी आले तर नाही म्हणण्याची रीत नव्हती. माझी आजी त्याचे पैसेही घेत नसे. आमच्या अंगणात एक मोगरा होता. त्याला घरातील सगळी माणसे पलीकडच्या आळीतल्या एका घराच्या नावाने ओळखत, कारण त्याची फांदी तेथून आली होती. ते घर केव्हाच पडले, त्यातील माणसे मुंबईला गेली, परंतु मोगऱ्याचे नाव तेच राहिले. आजीला कोणी त्याची फांदी मागितली, की ती देताना ते नावही सांगत असे. मंगळवारपर्यंतच्या दोन दिवसांत हा मोगरा मला का आठवत राहिला, ते पुढे कळेलच.

संत ऑगस्टीन यांनी 'ख्रिस्ती शिकवणुकीविषयी' या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक विचार मांडला आहे. जी वस्तू दिल्याने कमी होत नाही, ती स्वतःपाशी असूनही जो देत नाही, त्याने ती जशी बाळगायला हवी तशी बाळगलेलीच नाही, असा त्याचा आशय आहे. प्रभूने भाकरी मोडून वाटल्या तेव्हा त्या वाढल्या, याचाही दाखला ते तेथेच देतात. ज्ञानाला हा विचार चपखल लागू पडतो. मी तुम्हांला पायथागोरसचा सिद्धांत शिकवला तर माझ्यापाशी असलेला सिद्धांत तसूभरही उणा होत नाही. या न्यायाने पाहिले तर वही झाकणे चूकच म्हणावे लागेल, आणि त्या रविवारी दुपारी जेवताना मी मनाशी तसेच उत्तर जुळवू लागलो होतो.

परंतु पोरीच्या वहीत केवळ ज्ञान नव्हते. तिची दोन वर्षे त्यात होती, उद्याची नोकरी होती, 'हे हिने केले' असे चार माणसांनी म्हणण्याचा तिचा हक्कही होता. सिद्धांत वाटल्याने कमी होत नाही, पण हक्क मात्र दुसऱ्याने उचलला की संपतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नावारूपाला आलेला प्राध्यापक आपला एखादा तर्क कोणाला देऊन टाकतो तेव्हा तो आपल्या विपुलतेतून देत असतो. त्याच्यापाशी आणखी दहा तर्क असतात, शिवाय तो तर्क त्याचा होता हे सर्वांना ठाऊक असते. नवख्या विद्यार्थिनीचे तसे नसते. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेप्रमाणे ती आपली सगळी उपजीविकाच हातावर ठेवते. प्रभूने त्या विधवेची प्रशंसा केली हे खरे. परंतु इतर विधवांनी तसे केलेच पाहिजे, अशी आज्ञा त्याने दिल्याचे शुभवर्तमानात नाही.

या प्रश्नाचा सगळ्यांत बोलका इतिहास इंग्लंडमध्ये १९५१ ते १९५३ या दोन-अडीच वर्षांत घडला. डीएनए या रेणूची रचना कशी उलगडली, ती ही कथा. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ती चार ओळींत येते आणि वॉटसन व क्रिक या दोन नावांवर संपते. तिच्यातील माणसे तेव्हा कोण होती, ते प्रथम पाहू. जेम्स वॉटसन हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आले तेव्हा २३ वर्षांचे होते. फ्रान्सिस क्रिक मूळचे पदार्थविज्ञानाचे. युद्धकाळात त्यांनी आरमारासाठी सुरुंगांवर काम केले होते आणि वयाच्या ३५ व्या वर्षीही त्यांची पीएच.डी. व्हायची होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९५१ च्या जानेवारीत रुजू झालेल्या रोझलिंड फ्रँकलिन ३० वर्षांच्या होत्या. त्या रसायनशास्त्राच्या, कोळशाच्या अंतर्रचनेवर त्यांनी काम केले होते आणि पॅरिसमध्ये क्ष-किरणांनी पदार्थांचा वेध घेण्याची विद्या त्या शिकून आल्या होत्या. त्यांच्याच विभागातील मॉरिस विल्किन्स पदार्थविज्ञानाचे. प्रत्येकाची विद्या वेगळी होती, आणि डीएनएचे कोडे असे होते, की कोणा एकाच्या विद्येने ते सुटणारे नव्हते.

किंग्ज कॉलेजात आरंभीच एक गाठ पडली. विभागप्रमुख रँडल यांनी डिसेंबर १९५० मध्ये फ्रँकलिन यांना पत्र लिहून कळवले होते, की डीएनएचे क्ष-किरणांचे काम त्या आणि रेमंड गॉस्लिंग हा विद्यार्थी असे दोघेच पाहतील. हे पत्र विल्किन्स यांना दाखवले गेले नाही. ते समजत होते, की बाई आपल्या मदतीला आल्या आहेत. बाई समजत होत्या, की काम आपले स्वतंत्र आहे. एका वरिष्ठाने एक पत्र दोघांना दाखवले असते तर पुढचे निम्मे रामायण टळले असते. धर्मग्रामाच्या कारभारातही असे पुष्कळ घडते, आणि पत्र दडवणारा बहुधा दुष्ट नसतो. घाईत असतो, किंवा अवघड बोलणे टाळत असतो.

२१ नोव्हेंबर १९५१ रोजी फ्रँकलिन यांनी आपल्या कामाविषयी व्याख्यान दिले. वॉटसन श्रोत्यांत होते; त्यांनी टिपणे घेतली नाहीत. रेणूत पाणी किती असते याचा आकडा त्यांनी चुकीचा लक्षात ठेवला आणि त्याच्या आधारे क्रिक यांच्यासह तीन पेडांचा एक नमुना उभा केला. तो पाहायला लंडनची मंडळी केंब्रिजला आली तेव्हा फ्रँकलिन यांनी चूक तेथल्या तेथे दाखवून दिली. शोभा झाली. कॅव्हेंडिशचे प्रमुख ब्रॅग यांनी दोघांना डीएनएचा नाद सोडायला सांगितले. येथवर कोणी कोणाचे काही घेतले, असे म्हणता येत नाही. बाईंनी व्याख्यानातून उघडपणे दिले होते. घेणाऱ्याला ते नीट घेता आले नाही, इतकेच.

पुढील मे महिन्यात, १९५२ मध्ये, फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली गॉस्लिंग यांनी ५१ क्रमांकाचे ते प्रसिद्ध छायाचित्र घेतले. फुलीच्या आकारात मांडलेले काळे ठिपके त्यात दिसतात. जाणकाराला त्यावरून कळते, की हा रेणू मळसूत्रासारखा पिळलेला आहे. १९५३ च्या आरंभी फ्रँकलिन ते कॉलेज सोडण्याच्या तयारीत होत्या, म्हणून गॉस्लिंग यांनी छायाचित्र विल्किन्स यांच्याकडे दिले. ३० जानेवारी १९५३ रोजी विल्किन्स यांनी ते वॉटसनना दाखवले. दाखवू का, असे बाईंना कोणी विचारले नाही. त्यानंतर फेब्रुवारीत दुसरी गोष्ट घडली. किंग्ज कॉलेजच्या कामाचा एक अहवाल डिसेंबरमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीसाठी तयार झाला होता आणि त्यात फ्रँकलिन यांची मोजमापे होती. समितीचे सदस्य मॅक्स पेरुट्झ कॅव्हेंडिशमध्येच होते; त्यांनी तो वॉटसन आणि क्रिक यांना पाहू दिला. क्रिक आपल्या प्रबंधासाठी हिमोग्लोबिनचे स्फटिक अभ्यासत होते आणि त्यांत नेमकी तशीच सममिती त्यांनी पाहिली होती. अहवालातील आकडे पाहताच त्यांच्या ध्यानात आले, की या रेणूचे दोन पेड परस्परविरुद्ध दिशांनी जात असले पाहिजेत. फ्रँकलिन यांच्यापाशी तेच आकडे वर्षभर होते. त्यांना ते दिसले नव्हते.

मी येथे जरा थांबतो, कारण माझ्या मते कथेचा मर्मबिंदू येथे आहे आणि तो दोन्ही बाजूंनी टोचतो. विल्किन्स आणि पेरुट्झ या दोघांनी जे दिले ते त्यांचे नव्हते. दुसऱ्याच्या कोठारातील धान्य आपल्या हाताने वाटणारा उदार म्हणवतो, पण ते औदार्य फुकटचे असते. पेरुट्झ यांनी पुढे १९६९ मध्ये जाहीर खुलासा केला, की अहवाल गोपनीय नव्हता आणि अशा कारभारी बाबतींत आपण तेव्हा अननुभवी होतो. खुलासा प्रामाणिक वाटतो. तथापि 'गोपनीय नव्हता' आणि 'विचारले होते' यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात माझ्यासमोर बसणारी ती मुलगी उभी होती.

दुसरी बाजू अशी, की केंब्रिजच्या त्या खोलीत बोलणे अखंड चालू होते. क्रिक वॉटसनना 'हे मूर्खपणाचे आहे' असे तोंडावर सांगू शकत आणि वॉटसनही त्यांना तसेच ऐकवीत. एर्विन चारगाफ या जीवरसायनतज्ज्ञांनी दाखवले होते, की डीएनएमध्ये ॲडेनिन जेवढे तेवढेच थायमिन आणि ग्वानिन जेवढे तेवढेच सायटोसिन असते; १९५२ मध्ये केंब्रिजला आले असता त्यांनी हे या दोघांना समक्ष सांगितले, या दोघांच्या अज्ञानाचा त्यांना तिटकारा आला तरीही. त्यांच्याच खोलीत बसणारे जेरी डोनोह्यू हे रसायनशास्त्रज्ञ होते. पाठ्यपुस्तकांत या घटकांची जी रूपे छापली आहेत ती चुकीची आहेत, हे त्यांनी सांगितले नसते तर जोड्या जुळल्याच नसत्या. २८ फेब्रुवारीला त्या जुळल्या. लंडनमध्ये फ्रँकलिन यांच्याशी असे भांडण करणारे, त्यांच्या विद्येबाहेरचे कोणी माणूस नव्हते. त्या जवळजवळ तेथवर पोहोचल्या होत्या, पण एकट्या. सत्य हे लाजऱ्या आणि काटेकोर माणसाला सोडून बडबड्यांच्या घरी गेले, हे मला आवडत नाही. पण तसे झाले खरे. वही झाकण्याची किंमत असते आणि ती झाकणाऱ्यालाच द्यावी लागते.

२५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' या नियतकालिकात तीन लेख एकापाठोपाठ आले. पहिला वॉटसन आणि क्रिक यांचा, पानभराहून थोडा अधिक. त्यात शेवटी विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित कामाच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती आपल्याला प्रेरक ठरली, असा उल्लेख आहे. मात्र त्याच लेखात, किंग्जच्या लेखांत आलेल्या निष्कर्षांचा तपशील आपण रचना सिद्ध करीत असताना आपल्याला ठाऊक नव्हता, असेही म्हटले आहे. हे विधान वाचताना मी दर वेळी अडखळतो. छायाचित्र पाहिलेले होते, अहवाल वाचलेला होता. आपले भाविक दहा आज्ञांच्या क्रमाने विचार करतात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. या प्रकरणात सातव्या आज्ञेचा भंग झाला की नाही यावर पंडित वाद घालोत. दिलेले पाहणे ही चोरी नव्हे असे म्हणायला जागा आहे. आठव्या आज्ञेबाबत मला तेवढी जागा दिसत नाही. शेजाऱ्याविषयी खरी साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा ती अर्धी दिली गेली.

न्याय बाजूला ठेवून केवळ क्षमा मागता येत नाही, हे संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीच्या विवेचनात स्पष्ट केले आहे. ज्याचे घेतले त्याला ते परत मिळायला हवे, आणि घेतलेली गोष्ट कीर्ती असली तरी हा नियम सुटत नाही. क्रिक आणि वॉटसन यांनी १९५४ मध्ये लिहिलेल्या मोठ्या लेखात, किंग्जच्या माहितीवाचून आपली रचना सिद्ध होणे जवळजवळ अशक्यच होते, अशा अर्थाची कबुली दिली आहे. तळटीपेत दिली असली तरी ती परतफेडच होती. परंतु तळटीप वाचतो कोण? फ्रँकलिन यांनी तोवर काम बदलले होते. क्रिक कुटुंबाशी त्यांची पुढे चांगली मैत्री झाली, आजारपणात त्या त्यांच्या घरी विश्रांतीलाही राहिल्या. आपल्या आकड्यांचा किती उपयोग झाला हे त्यांना बहुधा पुरते कधी कळले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांचे कर्करोगाने निधन झाले. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. मृतांना ते दिले जात नाही. १९६८ मध्ये वॉटसन यांनी आपले पुस्तक लिहिले आणि त्यात बाईंचे जे चित्र रंगवले त्याने लोक संतापले. उलट बाजूला त्यांना केवळ बळी म्हणून उभे केले गेले. मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या अभ्यासकांनी २०२३ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून म्हटले, की त्या बळी नव्हत्या, चौघांतील एक बरोबरीच्या भागीदार होत्या, आणि छायाचित्रापेक्षा अहवालातील आकडेच अधिक उपयोगी पडले होते. हे मला पटते. बिचारी म्हणण्यातही माणसाचे श्रम हिरावले जातात.

आता हे सारे लिहिणाऱ्याने स्वतःची गोष्ट झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. सेमिनरीत असताना मी आमच्या हस्तलिखितात दुःख आणि देवाची दया यांविषयी एक लेख लिहिला. त्याची फार वाखाणणी झाली. रेक्टरांनी भोजनगृहात त्याचा उल्लेख केला. त्या लेखाचा कणा असलेला विचार माझा नव्हता. एका रात्री वीज गेली असताना व्हरांड्यात बसून माझ्या एका सोबत्याने तो मला सांगितला होता, अडखळत, अर्धामुर्धा. मी त्याला भाषा दिली. मी स्वतःला समजावले, की विचार कोणाचे नसतात, सारे पवित्र आत्म्याचे देणे आहे. पुढे तो सोबती सेमिनरी सोडून गेला, संसारी झाला. त्या मंगळवारच्या आदल्या रात्री मी त्याचा नंबर शोधून त्याला फोन केला आणि जवळजवळ तीस वर्षांनी ही गोष्ट काढली. मला वाटले, तो हसेल, आठवत नाही म्हणेल. क्षणभर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, तो अंक मी अजून ठेवला आहे."

बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या धर्मगुरूची कथा मी त्या मुलीसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती, कारण तिच्यात कोणी कोणाचे काही घेतले नाही, तरी दिलेले पोहोचले नाही. गुरुदीक्षेनंतर लगेच, १९२३ मध्ये, ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे आणि पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत शिकायला गेले. गणिती लोक सापेक्षतेची समीकरणे सोडवत होते, वेध घेणारे लोक दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजत होते, आणि दोघे एकमेकांचे फारसे वाचत नव्हते. या तरुण पाद्रीने दोन्ही वाचले. १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत आहे असे दाखवणारा लेख त्यांनी फ्रेंचमध्ये ब्रुसेल्सच्या एका वैज्ञानिक मंडळाच्या वार्षिकात छापला. एडिंग्टन यांना प्रत पाठवली. ते विसरून गेले. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आइनस्टाइन भेटले. गणित बरोबर आहे पण त्यातले पदार्थविज्ञान आपल्याला मुळीच मानवत नाही, असे त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये हबल यांचा लेख आला आणि नियमाला हबल यांचे नाव लागले. १९३० मध्ये लमेत्र यांनी एडिंग्टन यांना पत्राने आठवण दिली, तेव्हा ते खजील झाले आणि १९३१ मध्ये लेखाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यात प्रसरणाचा दर काढण्याचा भाग गाळलेला होता. पुढे अनेकांना संशय आला, की हबल यांच्यासाठी कोणीतरी कात्री चालवली. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ या खगोलशास्त्रज्ञाला लमेत्र यांचे जुने पत्र सापडले आणि उलगडा झाला: भाषांतर त्यांनी स्वतः केले होते आणि तो भाग त्यांनीच गाळला होता, कारण तोवर अधिक चांगले आकडे हाती आले होते आणि जुन्यांचे पुनर्मुद्रण त्यांना निरर्थक वाटले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणण्याची शिफारस केली. लमेत्र १९६६ मध्येच वारले होते.

याच लमेत्र यांच्याबाबत आम्हा प्रवचनकारांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक घटना आहे. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या विज्ञानात सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेला पुष्टी मिळते, असा सूर लावला. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत अजून कच्चा आहे, उद्या बदलेल, श्रद्धेची भिंत त्यावर टेकवू नये, असे त्यांचे मत होते. पुढील वर्षी रोममध्ये जमणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोपमहोदय बोलणार होते. त्यापूर्वी लमेत्र यांनी आपले म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचवले, आणि त्या भाषणात तो सूर पुन्हा आला नाही. दुसऱ्याच्या शेतातील हिरवे कणीस आपल्या खळ्यावर मळायला नेण्याचा मोह ज्ञानशाखांच्या सीमेवर सर्वांनाच होतो. मीही एका ईस्टरच्या प्रवचनात क्वान्टम हा शब्द वापरला आहे; तो मी का वापरला हे मला आजही सांगता यायचे नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती आली तेव्हा तिने हे सारे निमूटपणे ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे फादर, पाप आहे की नाही?" मी म्हणालो, "झाकून ठेवणे हे पाप नाही. तुझी दोन वर्षे राखणे हा तुझा हक्क आहे आणि गाईडचे ते कर्तव्यही आहे. पण त्या वहीत खाडीच्या काठच्या माणसांच्या उपयोगाचे काही असेल आणि तुला एकटीला ते कधीच दिसणार नसेल, तर नुसते झाकून बसणेही तुला फार दिवस मानवणार नाही. त्या मुलाला दाखव. पण आधी गाईडला सांग, आणि दाखवताना कोणी काय आणले ते दोघांच्या समोर, तारीख घालून, लिहून ठेव." ती हसली. म्हणाली, हे तर व्यवहाराचे झाले, यात धर्म कोठे आला? मी तिला आजीच्या मोगऱ्याची गोष्ट सांगितली.

तिनेही मला काही सांगितले. पदार्थविज्ञानाच्या लोकांनी १९९१ पासून असा खुला संग्रह चालवला आहे, की जेथे लेख छापण्याआधीच तारखेसह ठेवता येतो. सगळे वाचू शकतात आणि आधी कोणाचे हेही पक्के होते. मानवी जनुकांच्या मोठ्या प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर ठरवून घेतले होते, की उकललेला मजकूर शक्यतो २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. मला हे ठाऊक नव्हते. मला ते फार आवडले, कारण तेथे एकट्या नवख्याच्या औदार्यावर भार न टाकता सगळ्या बिरादरीने मिळून स्वतःला बांधून घेतले होते. "पण आमच्या विषयात, आमच्या संस्थेत अजून तसे नाही, फादर," ती म्हणाली. "तेथे सगळ्यांत लहान माणसाने आधी दार उघडायचे असते."

गेल्या महिन्यात ती मिस्सेनंतर पुन्हा भेटली. गाईडने आढेवेढे घेत परवानगी दिली होती. गणिताच्या त्या मुलाला आकड्यांत एक नियम सापडला, पण तो हिला वाटला होता तो नव्हे. वर्षभराचे दोन निष्कर्ष हिला पुसून टाकावे लागले. नवा नियम खरा की योगायोग, हे ठरवायला पुन्हा एक पावसाळा चिखलात उतरावे लागणार आहे, आणि या वेळी तो मुलगाही बूट घालून बरोबर येणार आहे. लेखावर कोणाचे नाव आधी यावे यावर दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही. "तुम्ही सांगा ना, फादर," ती म्हणाली. मी सांगितले नाही. ते दोघे पुढच्या रविवारी माझ्याकडे येणार आहेत.